चादरीखालचा तिसरा हात

प्रश्न.
एका खाटेवर, एका चादरीखाली, एक डोकं, दोन पाय आणि तीन हात आहेत. रुग्ण किती?
(अ) एक (ब) दोन (क) दीड (ड) दिलेली माहिती अपुरी आहे

घाई नको. आधी पाय.

पाय

चांगुणाबाईंचा डावा पाय दोनदा मोडला. पहिल्यांदा भूकंपात, किल्लारीच्या अंगाला त्यांचं गाव होतं, तिथे घराच्या भिंतीचे दगड अंगावर आले तेव्हा. दुसऱ्यांदा लातूरच्या भाड्याच्या खोलीत, न्हाणीत, साबणावरून. पहिल्याची गोष्ट त्या कुणालाही सांगत. दुसऱ्याची टाळत.

"भूकंपानं मोडला ते ठीक हाय," त्या म्हणायच्या. "साबणानं मोडला म्हंजे माणसानं सांगावं कसं?"

खोली नातीसाठी होती. उर्वी अकरावीला लातूरला आली तेव्हा घरात एकच वाद झाला: मेसचा डबा लावायचा की घरचं माणूस सोबत पाठवायचं. लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांमध्ये अशी घरची माणसं खोलीखोलीत आहेत. कुणाची आई, कुणाची आत्या, बऱ्याच जणांची आजी. गावाकडची म्हैस आणि नवरा दुसऱ्याच्या भरवशावर टाकून लेकराच्या एका परीक्षेसाठी दोन वर्षं भाकरी थापायला आलेल्या बायका. संध्याकाळी जिन्यावर बसून त्या पोरांचे मार्क एकमेकींना विचारतात. गावात डेअरीवर दुधाला फॅट किती लागलं ते विचारायच्या, त्याच आवाजात.

साबणानंतर पायाला प्लास्टर आलं. चांगुणाबाई खाटेवर बसून भाजी निवडू लागल्या आणि भाकरी उर्वी थापू लागली. भाकऱ्या वाईट होत. आजी खाई आणि काही बोलत नसे, यावरून त्या किती वाईट होत हे उर्वीला कळे. आणि प्लास्टरच्या आत, न हलणाऱ्या पोटरीत, रक्ताची एक गुठळी धरत होती.

ती गुरुवारी सुटली.

पोटरीतून मांडीत, मांडीतून पोटात, पोटातून हृदयाच्या

उजव्या कप्प्यात, तिथून फुफ्फुसाच्या धमनीत. हा रस्ता उर्वीला पाठ होता. रविवारी तिची नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा होती, केंद्र नांदेडला. आजी म्हणाली, "जीव घाबरा व्हायलाय गं," तेव्हा ती नेमका रक्ताभिसरणाच्याच धड्याची उजळणी करत होती आणि त्यातलं तिला एक अक्षर आठवलं नाही. ती पळत जाऊन रिक्षा घेऊन आली.

दवाखान्यात डॉक्टर मनस्विनी होत्या. तरुण, चष्मा कपाळावर, बोलणं भरभर. आईवडील दोघंही याच शहरात शिक्षक, त्यामुळे समोरचा काहीही बोलला की आधी 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायची त्यांना खोड होती. सीटी स्कॅन झाला. गुठळी दिसली. गुठळी वाढू न देणारी इंजेक्शनं पोटावर सुरू झाली आणि आजीला मॉनिटरच्या खोलीत ठेवलं.

"आता बरी होईल ना?" उर्वीने विचारलं.

"इलाज सुरू झालाय. आता किती जपायचं ते ठरवायचंय. तुमच्या शेतात मोटार आहे?"

"हाय की," खाटेवरून आजी म्हणाली. प्रश्न तिला नव्हता, पण मोटार तिची होती.

"पाइपात गाळ अडकला तर मोटार काय करते, आजी?"

"जोर लावती. तापती."

"आणि लगेच जळते?"

"न्हाई. आधी तिचा आवाज बदलतो. मग वास सुटतो. मग जळती."

"बरोबर. तुमच्या फुफ्फुसाचा पाइप तुंबलाय आणि हृदयाचा उजवा कप्पा त्याच्यावर जोर लावतोय. कप्पा ताणला की रक्तात बीएनपी नावाची गोष्ट वाढते. तो बदललेला आवाज. त्याच्या स्नायूला इजा व्हायला लागली की ट्रोपोनिन वाढतं. तो वास. तुमची दोन्ही वाढलीत."

"म्हणजे हाय रिस्क," उर्वी म्हणाली.

"चूक. रक्तदाब पडला असता तर हाय रिस्क. तो उत्तम आहे. पण सोनोग्राफीत उजवा कप्पा थोडा फुगलेला दिसतोय आणि रक्तातल्या दोन्ही खुणा वर आहेत. म्हणजे मधला गट, पण मधल्यातला वरचा. गुठळी विरघळवून टाकणारं जोरदार औषध असतं, त्याने भलतीकडेच रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते आत्ता द्यायचं नाही. पण रक्तदाब ढासळायला लागला तर द्यावं लागेल, म्हणून नजरेसमोरून हलवायचं नाही. शनिवारी सकाळी रक्त पुन्हा बघू."

गट म्हणजे काय, हे उर्वीला कुणी समजावून सांगायला नको होतं. क्लासात दर रविवारी चाचणी आणि सोमवारी बॅचची फिरवाफिरव. ए बॅचला पंखे चांगले, डी बॅचला सर नवे. दोन वर्षं ती एका आकड्यावरून बी आणि सी यांच्यामध्ये ये-जा करत होती. आता आजी एका बॅचला बसली होती, फक्त इथे वरची बॅच वाईट होती.

तिने तिथेच जाहीर करून टाकलं. शनिवारचा रिपोर्ट नॉर्मल आला तरच ती नांदेडला परीक्षेला जाईल. नाही आला तर नाही.

"येडी झालीस का?" आजी म्हणाली.

"झाले."

"दोन वर्षं भाकऱ्या थापल्या मी."

"म्हणूनच."

शुक्रवार, म्हणजे बालूशाही

शुक्रवारी दुपारी नायगावहून अयोध्या आल्या. चांगुणाबाईंची धाकटी बहीण, हडकुळी, तोंडाने तिखट. ठरलं असं होतं की शनिवारी त्यांनी उर्वीला नांदेडला न्यायचं, तिथे त्यांच्या लेकाकडे मुक्काम करायचा, रविवारी केंद्रावर सोडायचं. आणि इकडे उर्वीचा बाप व्यंकट गावाहून येऊन आईपाशी बसणार. अयोध्यांनी आजाऱ्यासाठी बालूशाही आणली होती. आजाऱ्याला ती चालत नाही असं नर्स म्हणाली. मग वाया कशाला घालवायची म्हणून अयोध्या स्वतःच एकेक खाऊ लागल्या, आणि मधूनमधून तांब्याभर पाणी पिऊ लागल्या.

"किती पाणी पितेस, नायगावच्या आजी?"

"उन्हाळा हाय माय. आन तू ते काय वाचायलीस?"

"प्रवेशपत्राच्या सूचना. फोटो लागतो, आधार लागतं, दारात अंगठा घेतात."

"अंगठा कशाला? अडाण्याचं केंद्र हाय का?"

"डमी बसू नये म्हणून."

"डमी म्हंजे?"

"एकाच्या नावावर दुसराच येऊन पेपर देतो. हुशार असतो तो. मार्क याला मिळतात."

"असं बी अस्तंय?"

"पेपरात येतं की. पकडतात मग."

अयोध्यांनी बालूशाहीचा चुरा तळहातावरून झटकला आणि पुढची बालूशाही घेतलीच नाही. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. उर्वी डबा धुवायला गेली, तेवढ्यात पुढचं बोलणं झालं.

"अक्का, पोरगी न्हाई जायची."

"न्हाई जायची. बापावर गेलीय. म्हशीवानी बसली की बसली."

"रिपोर्ट बरा येईल का?"

"मला काय ठावं. रगत माझं हाय, पर ते माझं ऐकतंय का?"

"माझं ऐकंल."

"काय?"

"माझं रगत देऊ. मी ठणठणीत हाय. भूकंपाच्या कॅम्पात तुझा पाय प्लास्टरात व्हता तवा तुझ्या नावानं रांगेत कोण उभं व्हतं? पदर डोक्यावरून पुढं वढला की मी चांगुणा, मागं सारला की अयोध्या. तुझी ताडपत्री बी मीच आणली, माझी बी मीच. कुणी वळखलं?"

"ताडपत्री निराळी. हे रगत हाय."

"सख्ख्या बहिणीचं हाय. परक्याचं हाय का?"

चांगुणाबाई मॉनिटरकडे बघत राहिल्या. हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. खोलीचं दार त्यांनी हट्टाने उघडं ठेवायला लावलं होतं. भूकंपापासून बंद दाराच्या खोलीत त्यांना डोळा लागत नाही. उघड्या दारातून त्यांना व्हरांड्यातली उर्वी दिसत होती. डबा धुवून झाला होता. ती तो पुन्हा धुवत होती.

"पर मला हलता येत न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "ह्या वायरी लावल्यात."

"तुला कोण हल म्हणालंय? डोकं तुझं ऱ्हाऊ दे. हात तेवढा माझा."

शनिवार सकाळ. खाट आणि भिंत यांच्यामध्ये

हातभर जागा होती. उर्वीला चहा आणायला पाठवलं होतं. त्या हातभर जागेत अयोध्या उकिडव्या बसल्या, अंगावर चादरीची लोंबती कड ओढून. त्यांचा हात चादरीखालून, चांगुणाबाईंच्या पोटावरून सरकत अलीकडच्या कडेला येऊन बाहेर पडला. तळवा वर. चांगुणाबाईंनी आपला डावा हात पाठीखाली दाबून टाकला.

रक्त काढायला धोंडप्पा आला. उदगीरकडचा, मिशा पिकत आलेल्या, लॅबचं काम तोच बघायचा. म्हाताऱ्या बायकांना तो अव्वा म्हणायचा.

"अव्वा, हात."

"ह्या हाताला लई टोचलंय. निळा पडलाय बघ. त्या बाजूचा घे." आणि चांगुणाबाईंनी हनुवटीने तो हात दाखवला, दुकानदाराने माल दाखवावा तसा.

धोंडप्पाने रबरी पट्टी बांधली. शीर चाचपली. मग थांबला.

"अव्वा, हात डावा हाय ना ह्यो?"

"हाव."

"मग अंगठा उजव्याचा कसा?"

भिंतीकडची चादर श्वास धरून बसली.

"भूकंपात मोडला व्हता," चांगुणाबाई म्हणाल्या. "तसाच बसला."

धोंडप्पाने मान हलवली. या भागात या उत्तरापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. त्याने सुई लावली. "स्स" असा आवाज आला, पण तो उशीवरून न येता भिंतीकडून, खालून आला. चांगुणाबाईंनी लगेच मोठ्याने खोकून घेतलं. मॉनिटरची रेघ दोन उड्या जास्त मारून पुन्हा चालू लागली.

नळीवर नाव पडलं: चांगुणाबाई.

रिपोर्ट

उर्वीने नर्सच्या टेबलावरच वाचला. गुरुवारी ट्रोपोनिन चौसष्ट होतं, चौदाच्या वर गेलं की वाईट. आज चार. बीएनपी तर इतकं खाली की तिने आकडा दोनदा वाचला. ती खोलीत आली, आजीच्या गळ्यात पडली, नायगावच्या आजीच्या गळ्यात पडली, आणि पाण्याची बाटली, प्रवेशपत्र, आधार कार्ड पिशवीत भरू लागली. तिला गाणं म्हणायची सवय नव्हती, तरी ती काहीतरी गुणगुणत होती.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आलं असतं.

डॉक्टर मनस्विनी आल्या तेव्हा त्याही आधी हसतच होत्या. "आजी, तुम्ही तर कमाल केली. आज तुम्हाला साध्या वॉर्डात हलवते." मग कागदाचा खालचा भाग त्यांच्या नजरेस पडला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"साखर तीनशे अठरा?"

त्यांनी गुरुवारचा कागद काढून शेजारी धरला.

"परवा एकशे चार होती. आजी, काल काय खाल्लं?"

"मुगाची खिचडी. आळणी."

"खिचडीने तीनशे होत नाही. आणि ट्रोपोनिन उतरेल हे मान्य, पण परवाचं चौसष्ट आज चार? बीएनपी तर वीस वर्षांच्या पोरीसारखं. म्हणजे दोन दिवसांत तुमचं हृदय तरुण झालं आणि तुम्हाला मधुमेह झाला." त्यांनी दारातून हाक मारली. "धोंडप्पा, मशीन बघा."

धोंडप्पाने तीच नळी पुन्हा मशीनला लावली. तेच आकडे आले. मग मशीन निर्दोष ठरलं आणि धोंडप्पा उरला.

"नळ्यांची अदलाबदल झालीये तुमच्याकडून," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या रक्तावर आजींचं नाव."

"मॅडम, इतकी वर्षं झाली. कधी झाली न्हाई."

"आज झाली. कुणाची नळी आहे ही? सकाळी कोणाकोणाचं रक्त घेतलं?"

"आजून कुणाचंच न्हाई. अव्वाचं पहिलं."

"मग हे रक्त आभाळातून पडलं का?"

धोंडप्पाने मिशीवरून हात फिरवला. उर्वी पिशवीची चेन अर्धी ओढून तशीच उभी होती.

अयोध्या खुर्चीवरून उठल्या. पदर डोक्यावरून मागे सारला, म्हणजे अयोध्या झाल्या.

"त्याला बोलू नका, डॉक्टरीणबाई. रगत माझं हाय."

उत्तर (मध्येच)

"तुमचं?" डॉक्टर म्हणाल्या.

"हाव. भिंतीकडं बसले व्हते. हात माझा व्हता, डोकं अक्काचं."

"म्हंजे त्यो अंगठा," धोंडप्पा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग येण्याआधी सुटकेचा आनंद आला. "मी म्हणलं व्हतं. मी म्हणलं व्हतं का न्हाई, अव्वा?"

"म्हणला व्हतास बाबा."

उर्वी पिशवीसकट खाली बसली. "तुम्ही डमी बसवलात?"

"तूच सांगितलीस की तसं अस्तंय म्हणून."

"पकडतात हेही सांगितलं होतं."

"मग पकडलं की," अयोध्या म्हणाल्या.

डॉक्टर मनस्विनी थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. वळल्या तेव्हा चेहरा सरळ होता.

"आजी, हसू येतंय, पण ऐका. या कागदावर मी तुम्हाला वॉर्डात पाठवणार होते. तिथे मॉनिटर नाही. तुमचा रक्तदाब पडला असता, तर कुणाला कळलं नसतं, आमच्या पुढच्या फेरीपर्यंत. मोटारीचा वास येतोय का ते बघायला मी नाक लावलं आणि तुम्ही शेजारची मोटार पुढे केली."

चांगुणाबाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. "चुकलं," त्या म्हणाल्या. "पोरीसाठी केलं. पर चुकलं."

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. मग अयोध्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही. साखर कधी तपासली होती?"

"कधीच न्हाई. मी ठणठणीत हाय. तीनशे अठरा म्हंजे चांगले का वाईट?"

"तहान फार लागते?"

"उन्हाळा हाय."

"थंडीत?"

अयोध्यांनी उशापाशीच्या तांब्याकडे बघितलं. "थंडीत बी लागती," त्या जरा हळू म्हणाल्या.

तर, एका चादरीखाली एक डोकं, दोन पाय, तीन हात. रुग्ण: (ब) दोन. अयोध्यांचा केसपेपर त्याच टेबलावर निघाला. उरलेली बालूशाही धोंडप्पाला दिली. तिच्यावर त्याचा हक्क आहे, असं सगळ्यांचंच मत पडलं.

खरी नळी

धोंडप्पाने आधी खाटेखाली बघितलं. मग भिंतीकडे. मग चादर पायापर्यंत खाली केली, दोन्ही हात वर करायला लावले, आणि अंगठे तपासले.

"आता घे की," चांगुणाबाई म्हणाल्या. "लगीन लावायलास का?"

रिपोर्ट येईपर्यंत व्यंकट गावाहून पोचला. त्याला सगळं तीन वेळा, तीन तोंडांनी सांगितलं गेलं आणि तो फक्त म्हणाला, "मावशी, तुम्ही बी." नांदेडची एसटी दुपारची होती. घड्याळाकडे सगळे बघत होते, उर्वी सोडून. तिने पिशवी खुर्चीखाली सरकवली होती.

डॉक्टर स्वतः कागद घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"ट्रोपोनिन एकतीस. चौसष्टचं एकतीस. बीएनपी उतरलंय, पण अजून रेषेच्या वरच. नॉर्मल नाही."

"मग मी जाणार नाही," उर्वी म्हणाली. "मी सांगितलं होतं."

"थांब. रक्तदाब चांगला. ऑक्सिजन चांगला. आत्ता पुन्हा सोनोग्राफी केली, कप्प्याची फूग कमी आहे. गट बदलला का? अजून नाही. मी त्यांना इथेच ठेवणार. पण रोख कुठे आहे ते बघ. मी एका आकड्यावर कुणालाच ठरवत नाही. सकाळी ठरवायला निघाले होते, तर बघितलंस काय झालं."

"पण नॉर्मल नाही ना."

"नाही."

उर्वी मान खाली घालून बसली. व्यंकट काहीतरी म्हणणार होता, पण त्याच्या आईने हात करून त्याला थांबवलं.

"उर्वे, इकडं ये. भूकंपानंतर धक्के किती दिवस बसत व्हते, ठाव हाय का तुला?"

"सांगितलंयस तू. लई दिवस."

"लई दिवस. रोज एखादा. आम्ही पत्र्यात ऱ्हायचो, पर चूल पत्र्याबाहीर. आत पेटवायची कुणाची छाती न्हाई. सगळे म्हणायचे, धक्के थांबू द्या, मग आत जाऊ. मग पाऊस आला. चूल इझली. हिनं," त्यांनी अयोध्यांकडे बोट केलं, "चूल उचलली आन आत नेली. भाकर टाकली. भाकर तव्यावर असतानाच धक्का बसला."

"मग?"

"मग काय. भाकर उलटली."

अयोध्या खुर्चीवरून म्हणाल्या, "करपली व्हती जराशी."

"तुझ्यापरीस बरी व्हती," चांगुणाबाई उर्वीला म्हणाल्या. "आन एक सांग मला. सकाळच्या खोट्या रिपोर्टावर पिशवी भरून गाणं म्हणत निघाली व्हतीस. आता खरा आलाय तर बसून राहिलीस. खोट्यावर जाशील आन खऱ्यावर न्हाई, हे कुठलं शिक्षण म्हणायचं?"

उर्वीने उत्तर शोधलं. चार पर्याय मनात आले. चारही चूक होते. ती खाली वाकली, खुर्चीखालून पिशवी ओढली, आणि मग आजीच्या दोन्ही हातांचे अंगठे धरून बसली, डावा आणि उजवा, थोडा वेळ.

"फोन लागणार नाही मला आत," ती म्हणाली.

"मी कुठं करायलेय? तुझ्या बापाला सांग, मला वर्तमानपत्र वाचून दाखव म्हणावं. नुसता बसू नको."

अहमदपूर, लोहा, नांदेड

एसटीत अयोध्या तहान लागली तरी विचार करून पाणी प्यायल्या. उर्वीने खिडकीत डोकं टेकवून रक्ताभिसरणाचा धडा मनात म्हटला. या वेळी तो शेवटपर्यंत आठवला, कारण प्रत्येक वळणावर आजी होती.

रविवार, दोन ठिकाणी

नांदेडला केंद्राच्या फाटकाबाहेर ऊन मी म्हणत होतं. पोरी कानातलं काढून आयांच्या हातात देत होत्या. अयोध्यांच्या मुठीत उर्वीच्या रिंगा होत्या. रांग पुढे सरकली. फाटकातल्या माणसाने प्रवेशपत्रावरचा फोटो बघितला, उर्वीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला, आणि छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितलं.

"नीट दे गं अंगठा," मागून अयोध्या ओरडल्या. "आपला वाईट अनुभव हाय."

रांगेतल्या चार आया वळून बघू लागल्या. उर्वी न वळता हसत आत गेली.

लातूरला त्याच सुमारास धोंडप्पा खाटेपाशी उभा होता.

"अव्वा, दोन्ही हात वर. तिसरा असंल तर त्योबी."

व्यंकट बाजारभावांच्या पानापर्यंत पोचला होता. सोयाबीनपाशी चांगुणाबाईंना डुलकी लागली. जाग आली तेव्हा डॉक्टर मनस्विनी समोर होत्या, चष्मा कपाळावर.

"ट्रोपोनिन रेषेखाली. बीएनपी थोडं वर आहे, पण घाई नाही त्याची. कप्पा आणखी उतरलाय. आता तुम्हाला वॉर्डात हलवते, खरोखर. मधल्या गटातल्या खालच्या बॅचला."

"खालच्या?"

"इथे खालची चांगली."

"दाराजवळची खाट हाय का तिथं?"

"आहे."

"मग ठीक हाय. खालच्या बॅचला घातलं तर लोक रडत्यात लातुरात," चांगुणाबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी पेढे वाटा म्हणावं."

"पेढे नकोत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या बहिणीला वास लागेल."

फाटक उघडतं

पोरं बाहेर पडू लागली. काही बोलत, काही गप्प. अयोध्या लिंबाच्या सावलीत फुटाण्यांची पुडी घेऊन उभ्या होत्या आणि फुटाण्यांकडे बालूशाहीच्या नजरेने बघत होत्या. उर्वी धावत आली.

"आजी?"

"आधी तू सांग. पेपर?"

"आधी आजी."

"व्यंकटचा फोन आलता. खालच्या बॅचला गेली."

उर्वीने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मोठा श्वास घेतला, जणू फुफ्फुस तिचंच मोकळं झालं होतं. मग अयोध्यांच्या पुडीतले अर्धे फुटाणे तोंडात टाकले.

"फिजिक्सनं मारलं," ती म्हणाली. "बायो चांगलं गेलं. फुफ्फुसावर दोन होते."

"आले ना?"

"आले. न येऊन कसं चालेल?"

दोघी रिक्षाकडे निघाल्या. थोडं चालल्यावर अयोध्यांनी उर्वीच्या हातात रिंगा ठेवल्या आणि आवाज खाली आणला.

"एक काम कर माझं. घरी गेल्यावर सूनबाईला तू सांग, माझ्या साखरेचं. मला न्हाई जमायचं. ती लगीच पथ्यं लावती. माझ्या नावानं तू सांग."

उर्वीने एक रिंग कानात घातली. दुसरी घालता घालता मान वाकडी करून म्हणाली, "नाही, नायगावच्या आजी. ज्याचा पेपर त्यानंच द्यायचा."

अयोध्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, चांगुणा झाल्यासारखा. मग स्वतःच हसल्या आणि मागे सारला.